मदत हवी आहे : नाशिकमध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी आणि धोरणांसाठी काम करणाऱ्या संस्था

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर झालेल्या अपघातानंतर कमरेखाली अधू झाला आणि तेव्हापासून तो व्हीलचेअर वापरतो. घरी बसून तो दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितो, स्वतःचा खर्च स्वतः भागवतो आणि घराबाहेरच्या कामांनाही शक्यतो स्वतःच जातो. वडील गेल्यानंतर त्यांच्या मिळकतीच्या कामासाठी आम्हा दोघांना शहरातील एका सरकारी कार्यालयात जावे लागले. त्या दिवशी जे घडले त्यावरून हा धागा काढत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला एका इमारतीविषयी बोलायचे नाही.

त्या इमारतीला उतार आहे. मी नंतर टेप घेऊन जाऊन तो मोजला. जोते जमिनीपासून २ फूट १ इंच उंच आहे आणि उताराची लांबी जेमतेम ७ फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, या प्रमाणाने तो २५ फूट असायला हवा होता. त्यावर गुळगुळीत फरशी बसवलेली आहे, पायथ्याशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या आणि वर पोहोचल्यावर दाराला तीन इंचांचा उंबरा. हे सगळे पार केले तरी काम पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा कागद चिकटवलेला, जो पिवळा पडून त्याचे कोपरे वळले होते.

संबंधित लिपिक भला माणूस होता. त्याने आम्हाला ताटकळत ठेवले नाही. फाइल घेऊन तो स्वतः खाली आला आणि वाहनतळावर, चहाच्या टपरीशेजारी उभा राहून आमच्या घरातील हिश्शांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आजूबाजूची पाच-सहा माणसे ऐकत होती. भावाने मांडीवर फाइल ठेवून सह्या केल्या. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, “ताई, बाकीच्यांची कामं टेबलावर होतात.” त्या लिपिकाविषयी माझी तक्रार नाही, उलट कृतज्ञताच आहे; परंतु एखाद्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागणे हीच माझी तक्रार आहे.

त्यानंतर मी ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ बसून वाचला. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार मान्य केला, त्याला अनुसरून हा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येतील अशा, व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. मी माहितीच्या अधिकारात त्या कार्यालयाला दोनच गोष्टी विचारल्या : हा अधिकारी कोण, आणि इमारतीची सुगम्यता तपासणी कधी झाली. दोन्हींसमोर उत्तर आले, ‘माहिती निरंक’, म्हणजे काहीच माहिती नाही. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार केला आहे त्यांना हा शब्द परिचयाचा असेल. प्रथम अपील केले आहे, सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नाशिकमध्ये दिव्यांगांना मदत करणाऱ्यांची वाण नाही. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला व्हीलचेअर, श्रवणयंत्रे, शिधा, सत्कार हे सर्व होते आणि त्याचा उपयोगही होतो. भावाची पहिली व्हीलचेअर अशाच एका कार्यक्रमात मिळाली होती. पण ती व्हीलचेअर घेऊन आत जाता येईल असे दार मिळावे म्हणून कायद्याच्या भाषेत पाठपुरावा करणारे, अंदाजपत्रक वाचणारे, धोरणाच्या मसुद्यावर लेखी हरकती नोंदवणारे कोण आहे, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

मी शोधले तेवढे सांगते, म्हणजे तीच माहिती पुन्हा लिहिण्याचे श्रम कोणाला पडू नयेत. दिल्लीची एनसीपीईडीपी (नॅशनल सेंटर फॉर प्रमोशन ऑफ एम्प्लॉयमेंट फॉर डिसेबल्ड पीपल) ही संस्था १९९६ पासून रोजगार, सुगम्यता आणि कायदा या विषयांवर काम करते. तिचे अनेक वर्षे प्रमुख असलेले जावेद अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत झालेल्या निदर्शनांनंतर पहिला कायदा संसदेत मंजूर झाला, आणि २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणूनही त्यांनी झगडून तो मिळवला. या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला फार वाटते, कारण मोजलेच नाही तर तरतूद कशाच्या आधारे मागणार? आज आपण महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत असे सांगू शकतो, ते त्यामुळेच. ह्युमन राइट्स लॉ नेटवर्क ही वकिलांची संघटना दिव्यांगांच्या हक्कांचे खटले चालवते. मुंबईची अडॅप्ट, म्हणजे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, सर्वसमावेशक शिक्षणात अग्रेसर आहे. आपल्या सातपूरमध्ये नॅबचे, अर्थात राष्ट्रीय अंधजन मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचे काम आहे, परंतु ते मुख्यतः दृष्टिहीनांसाठी आहे. बाकी सारे दिल्ली-मुंबईत, आणि माझी लढाई २५ फुटांच्या उतारासाठी नाशिकमध्ये.

मी एकटी नाही. आम्ही सहा-सात कुटुंबे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गोल्फ क्लब मैदानाजवळ भेटतो. त्यात अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक कर्णबधिर तरुण आहे, स्वमग्न मुलाचे वडील आहेत, सेरेब्रल पाल्सी असलेली एक महाविद्यालयीन मुलगी आहे. गेल्या बैठकीत तिने काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विषय काढला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली याच शहरात प्रवेशाच्या हक्कासाठी लढा सुरू झाला. त्या अन्यायाशी आमच्या अडचणीची बरोबरी करावी असे मला वाटत नाही, तिलाही वाटत नव्हते. पण दार उघडावे म्हणून माणसे वर्षानुवर्षे चिकाटीने एकत्र राहिली ती कशी राहिली, हे समजून घ्यावे असे ती म्हणाली आणि ते मला पटले.

म्हणून विचारते. अशा स्वरूपाचे काम नाशिक जिल्ह्यात कोणी करत असल्यास कृपया सांगावे. पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना ती एकट्या भावाच्या नावे करावी की गटाने करावी? आम्ही स्वतः संस्था नोंदवावी का? १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सात सदस्य लागतात, तेवढे आम्ही आहोत, पण हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात करावे लागणारे बदल अर्ज यांचे ओझे छोट्या गटाला झेपते का? आणि सर्वांत निकडीचे म्हणजे येऊ घातलेला सिंहस्थ. घाट, रस्ते, वाहनतळ, शौचालये यांवर मोठा खर्च होणार आहे. एकदा पायऱ्या बांधून झाल्या की पुढची बारा वर्षे त्या तशाच राहतात. कामे होण्यापूर्वी आमचे म्हणणे कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात मांडावे?

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षे अशा प्रकरणांत कागदपत्रे तयार करण्याचे काम केले आहे, त्यामुळे अनुभवावरून लिहितो.

तक्रार भावाच्या नावेच करा, कारण ज्याला अडथळा आला त्याचे म्हणणे सर्वांत ठोस असते. गटातील इतरांनी त्याच इमारतीचा अनुभव घेतला असल्यास त्यांची निवेदने सोबत जोडा. कलम ८० खाली राज्य आयुक्तांना चौकशीचा अधिकार आहे आणि चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ८२ ने दिले आहेत. त्यांनी शिफारस केली की कलम ८१ नुसार संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, किंवा शिफारस अमान्य असेल तर तिची कारणे द्यावी लागतात आणि ती तक्रारदारालाही कळवावी लागतात. ही शिफारस आहे, हुकूम नव्हे, हे लक्षात ठेवून अपेक्षा ठेवा. तरीही लेखी कारणे द्यावी लागणार म्हटल्यावर बरीच कार्यालये हलतात.

तुम्ही टेप लावून मोजमाप घेतले हे फार उत्तम केले. ‘उतार गैरसोयीचा आहे’ या वाक्याला अभिप्राय म्हणून बाजूला सारता येते, ‘२५ फूट हवा तिथे ७ फूट आहे’ याला सारता येत नाही. प्रत्येक छायाचित्रात टेप दिसेल असे पाहा आणि तारीख नोंदवा.

तक्रारीत सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणाचा उल्लेख अवश्य करा. २००५ मध्ये दाखल झालेल्या त्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असे म्हटले की, सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा २०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत आहे आणि सक्तीचे किमान निकष केंद्राने ठरवले पाहिजेत. त्यामुळे ‘ही फक्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत’ हे उत्तर आता पुरेसे ठरत नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करावा लागतो.

नोंदणीची घाई करू नये असे माझे मत आहे. तक्रार करायला, निवेदन द्यायला, माहिती मागवायला नोंदणी लागत नाही. ती देणग्या घ्यायच्या असतील तेव्हा लागते. मी पाहिलेले दोन गट नोंदणी होताच पदाधिकारी कोण यावरून फुटले. आधी एक काम तडीस न्या.

सिंहस्थाबाबत एकच सुचवतो : दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४४ वाचा. सुगम्यतेचे नियम पाळलेले नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. निवेदन काम संपल्यावर देण्याऐवजी निविदेच्या टप्प्यावर द्या, आणि कुंभमेळ्याची कामे पाहणाऱ्या प्राधिकरणासोबत महापालिकेलाही द्या.

प्रतिसाद २

मी दृष्टिहीन आहे आणि नाशिकरोडला राहतो. आपल्या यादीत पायऱ्या आणि उतार आले, त्यात एक भर घालावीशी वाटते. निविदा आणि आराखडे संकेतस्थळावर ठेवतात ते कागदाची छायाचित्रे काढून. माझ्या संगणकातील वाचक आज्ञावलीला त्यात एक अक्षरही सापडत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. आपल्या निवेदनात ‘सर्व दस्तऐवज वाचता येतील अशा स्वरूपात द्यावेत’ ही मागणी घ्यावी. मसुदा मला पाठवल्यास मी तो तपासून देईन. पुढच्या बैठकीला येण्याची इच्छा आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भावाशी बोलले. तक्रार त्याच्या नावे आणि त्याच्याच शब्दांत जाईल. वाहनतळावर मजकूर वाचला गेल्याचा परिच्छेद मी गाळला होता, तो त्याने परत घालायला लावला. नोंदणीचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. कलम ४४ ची नक्कल काढून गटातील सर्वांना दिली आहे आणि मसुदा दुसऱ्या प्रतिसादकांना मजकूर स्वरूपात पाठवत आहे.

आता एक अगदी साधी मदत हवी आहे. पुढच्या बैठकीला आम्ही बारा-पंधरा जण असू आणि पावसाचे दिवस असल्याने मैदानाजवळ बसता येणार नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा सिडको भागात तळमजल्यावरची, उंबरा नसलेली खोली दोन तासांसाठी कोणी देऊ शकेल का? भावाची व्हीलचेअर २६ इंच रुंद आहे, शौचालयाचे दार त्याहून मोठे असावे. तसेच कर्णबधिर सदस्यासाठी दरवेळी त्याच्या पत्नीलाच दुभाष्याचे काम करावे लागते आणि मग तिला स्वतःचे काही बोलता येत नाही. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारे कोणी त्या दिवशी येऊ शकत असल्यास कृपया कळवावे. मानधन आम्ही वर्गणीतून देऊ.