मदत हवी आहे: पाऊस थांबला की कपाळ आणि गाल ठणकतात, सायनसवर काय करता?

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण तीन आठवडे झालेत आणि आता खरंच सहन होत नाहीये. मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला राहते, वय ४१, शाळेत शिकवते. दरवर्षी पाऊस थांबला की माझं सुरू होतं, आधी टाळू आणि कान आतून खाजतात, मग सकाळी उठल्या उठल्या ओळीने दहा-पंधरा शिंका, डोळ्यांना पाणी, आणि चार-पाच दिवसांत ते सगळं डोक्यात जातं. आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळा प्लॉट आहे, तिथे कंबरेएवढं काँग्रेस गवत माजलंय (गाजर गवत म्हणतात तेच), आणि आत्ता ते पांढऱ्या फुलांनी भरलंय. दोन वर्षांपूर्वी ॲलर्जी टेस्ट केली होती तेव्हा हातावर टोचलेल्यांपैकी गाजर गवताचाच ठिपका सगळ्यात मोठा फुगला होता, त्यामुळे कारण माहितीये, उपाय सापडत नाहीये.

दुखणं कसं आहे ते सांगते. काल दारात रांगोळी काढायला बसले, चार ठिपके दिले असतील नसतील, मान खाली घातल्याबरोबर दोन भुवयांच्या मध्ये असं ओझं आलं की हातातली चिमूट तशीच सोडून भिंतीला टेकून बसले. गालाचं हाड दाबलं तर वरच्या दाढांपर्यंत कळ जाते. जास्त करून उजवी बाजू. वर्गात ट्यूबलाइट नकोशी होते, दुपारपर्यंत मळमळायला लागतं, घरी आले की पडदे ओढून पडते. दिवाळी दोन आठवड्यांवर आलीये, बेसन भाजायच्या वासानेसुद्धा डोकं धरेल अशी भीती वाटते, आणि मुलीला मात्र सगळं घरचंच हवंय.

आतापर्यंत केलेलं: दिवसातून दोनदा वाफ, सुंठीचा लेप, ओव्याची पुरचुंडी. रात्री लिवोसेट्रिझिन, त्याने शिंका कमी होतात पण सकाळी वर्गात डोळे मिटतात. नाक मोकळं करणारा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे गेले १२ दिवस चालू आहे, पहिले दोन दिवस जादू वाटली, आता चार तासांत नाक परत बंद. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, काही फरक नाही. डोकेदुखीची गोळी जवळजवळ रोज. खोली रोज ओल्या फडक्याने पुसते, उशीचे अभ्रे दोन दिवसाआड धुऊन मागच्या गॅलरीत कडक उन्हात वाळवते, चहाशिवाय दूध बंद केलंय.

ताप नाही, नाकातून येणारं पाणी पातळच आहे. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी प्लीज सांगा, दुखणं उतरायला नक्की कशाने मदत होते?

गारवा

ताई, मला नाक धुण्याने सगळ्यात जास्त फरक पडला. नेतीचं भांडं नाहीतर औषधाच्या दुकानात मिळणारी पिळायची बाटली, कपभर कोमट पाणी, त्यात पाव चमचा साधं बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. सोडा टाकला की झोंबत नाही. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत घेत. संध्याकाळी घरी आल्यावर करा, दिवसभराचे परागकण निघून जातात. फक्त पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट कधीही नको, फिल्टरचं पण नको. त्यात अमीबा असू शकतो आणि तो नाकातून मेंदूत गेला तर माणूस वाचणं अवघड असतं, केरळमध्ये अशा केसेस झाल्यात. पाच मिनिटं उकळायला लागतात, तेवढी द्या.

औषधवाला सांगलीकर

माझं २२ वर्षं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून तळमळीने सांगतो, तो स्प्रे आधी थांबवा. तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे तोच नाक बंद करायला लागतो. औषध उतरलं की आतली सूज दुप्पट जोमाने येते, तुम्ही परत मारता, आणि हे चक्र चालू राहतं. माझ्याकडे असे गिऱ्हाईक आहेत जे वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरतात. त्याच्याऐवजी फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा स्प्रे असतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. त्याने लगेच मोकळं वाटत नाही, नीट गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. मारताना मान थोडी पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, नोझल मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर डोळ्याच्या दिशेने, आणि जोरात ओढायचं नाही नाहीतर सगळं घशात जातं. झोपेचं म्हणाल तर फेक्सोफेनाडिनने बऱ्याच जणांना सुस्ती येत नाही, तेही विचारून बघा, फक्त ते फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, कमी लागू पडतं.

निशिगंधा

रानजाई, तुमचं वाचून मी माझंच वाचतेय असं वाटलं. उजेड नको, मळमळ, एकच बाजू, अंधारात पडावंसं वाटणं, हे मायग्रेन नाही ना हे नक्की तपासून घ्या. मी ९ वर्षं सायनस सायनस म्हणून वाफा घेत बसले. मायग्रेनमध्येही नाक वाहतं, डोळ्यांना पाणी येतं, वाकलं की ठणकतं, गाल दुखतात, म्हणून आपण फसतो. अमेरिकेत सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या २९९१ लोकांना तपासलं होतं, २००४ साली ते छापून आलं, त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. ॲलर्जी खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, दोन्ही एकत्र असू शकतं, ॲलर्जीच्या सीझनमध्ये माझं मायग्रेन पण वाढतं. आणि रोजची गोळी बंद करा हो, महिन्यात १५ दिवस साधी डोकेदुखीची गोळी झाली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, कॉम्बिनेशनवाली (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) असेल तर १० दिवसांतच.

पेरूची बाग

ताई एक लक्षात आलं. अभ्रे तुम्ही मागच्या गॅलरीत वाळवता, म्हणजे त्याच प्लॉटच्या बाजूला? मग दिवसभर त्यावर तेच परागकण बसतात आणि रात्रभर तुम्ही त्यावर तोंड ठेवून झोपता. सकाळी उठल्या उठल्या शिंका म्हणताय म्हणून विचारलं. घरात पंख्याखाली वाळवून बघा. केस पण रात्री झोपायच्या आधी धुवा, सकाळी नाही. सकाळच्या वेळी तिकडच्या खिडक्या बंद ठेवा.

(हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा पुण्यातच लक्षात आलं, १९५५ च्या सुमारास. लहानपणी शाळेच्या मैदानावर आम्ही त्याच्या फुलांचे गुच्छ करायचो, कोणी काही बोलायचं नाही.)

औषधवाला सांगलीकर

+१, अभ्र्यांचं माझ्याही लक्षात नव्हतं आलं. आणि एक राहिलं, ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, मान आखडली किंवा एकाच बाजूने घाण वासाचा पू यायला लागला तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

रानजाई

११ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. कान-नाक-घसावाल्यांना दाखवलं, त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, पू अजिबात नाही, ॲलर्जीची सूज आहे आणि वर मायग्रेन आहे असं म्हणाले, म्हणजे निशिगंधा तुमचं बरोबर. मोमेटासोन रोज चालू केलंय. जुना स्प्रे सोडताना आधी फक्त डाव्या नाकपुडीतला बंद करायला सांगितला, ती मोकळी व्हायला लागल्यावर उजव्या. पहिल्या तीन रात्री फार वाईट गेल्या, दोन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपले, नवऱ्याने रात्री दीडला उठून पाणी उकळून दिलं. चौथ्या दिवशी डाव्या बाजूने हवा आत गेली आणि मला रडू आलं. मायग्रेनची गोळी वेगळी दिलीये, दुखायला सुरुवात झाल्या झाल्या घ्यायची, आठवड्यातून दोनदाच. अभ्रे आता हॉलमध्ये पंख्याखाली. सकाळच्या शिंका पंधरावरून तीन-चारवर आल्यात. परवा रांगोळी काढली, छोटीच, पण पूर्ण.

आता प्लॉटचं विचारायचंय. सोसायटीतले चौघं रविवारी गवत काढायला तयार झालेत. मी जाणार नाही, पण त्यांना काय सांगू?

पेरूची बाग

जाऊच नका, घरात खिडक्या बंद करून बसा. त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क सांगा, त्याने अंगावर पुरळ पण उठतं. आत्ता फुलावर आहे, उपटलं की पराग उडणारच, म्हणून आधी पाणी मारून ओलं करा आणि मुळासकट काढा, नुसतं कापलं तर परत फुटतं. जाळू नका. खरं काम पुढच्या जून-जुलैचं आहे, फुलं धरायच्या आत, माती ओली असते तेव्हा हाताने सहज निघतं. एकेका झाडाला हजारोंनी बी होतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं ओळीने करावं लागेल.

रानजाई

सांगते त्यांना. जूनची तारीख आत्ताच सोसायटीच्या वहीत लिहून ठेवते.