सांधा जुळतो तो फक्त कडेला
प्राचीन ग्रीक इमारतींत दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं जात नाही म्हणजे ताशीव दगडाची अख्खी बाजू सपाट केलेली असणार, असं वाटू शकतं. ग्रीक कारागीर इतकं काम वाढवून घेत नसत. उभ्या सांध्याच्या बाजूला कडेची अरुंद पट्टी तेवढी काटेकोर घासायची आणि मधला भाग टाकीने खरबरीत, किंचित खोलगट ठेवायचा. दोन दगड टेकतात ते त्या पट्टीवरच. बाहेरून सांधा केसाएवढा दिसतो, आत चक्क पोकळी! मला तर ही हुशार कामचुकारी फार आवडते.

दगडांमध्ये चुना भरत नसतच, मग ते सरकू नयेत म्हणून लोखंडी आकडे बसवून त्यांभोवती वितळलेलं शिसं ओतत. शिशामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत नेमकं हे शिसं वगळलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ नंतरच्या दुरुस्तीत ते आकडे काढून टायटेनियमचे बसवायला लागले.