लेमची ‘सोलारिस’: झोप उडवली, पण वैतागही आणला

रात्रपाळी
काल पहाटे तीनला ‘सोलारिस’ संपवली. स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाची १९६१ची कादंबरी. दोन सूर्यांचा ग्रह, त्यावर एकच अफाट समुद्र, आणि तो बहुधा जिवंत. केल्विन हा मानसशास्त्रज्ञ त्या समुद्रावरच्या संशोधन-स्थानकात पोचतो, तर तिथल्या एका संशोधकाने जीव दिलेला, उरलेले दोघे दारं लावून बसलेले. नंतर त्याला जाग येते आणि समोर त्याची बायको. दहा वर्षांपूर्वी मेलेली! हातावर सुई टोचल्याची खूणसुद्धा तशीच.

अंगावर काटा आला तो मात्र तिच्या झग्याने. बटणं नुसती शोभेची, झगा उघडायला जागाच नाही, कात्रीच लावावी लागते. घाबरून केल्विन तिला रॉकेटमध्ये घालून पाठवून देतो. ती परत येते, आणि मग खुर्चीपाशी दोन सारखे झगे. मी उठून दाराची कडी बघून आलो.

पण केल्विन स्थानकाच्या ग्रंथालयात वाचत बसतो ती मधली पानं! समुद्रातल्या आकारांची वर्णनं, त्यांवरचे सिद्धांत, सिद्धांतांवरचे वाद. खरं सांगतो, वीसेक पानं उलटलीच.

पुस्तकातली वाळवी
मग वाचलंत काय? खरी भीती तिथेच आहे की. पिढ्यान्पिढ्या माणसं मोजमापं करतात, नावं देतात, एकमेकांशी भांडतात, कपाटं भरतात, आणि समुद्राचं ओ की ठो कळत नाही. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपल्याला पाठ असते. इथे हत्तीच आंधळ्यांना चाचपतोय, समुद्रच त्यांच्या आठवणींतून माणसं घडवून पाठवतोय.

रात्रपाळी
हत्ती मान्य! पण कंटाळा दाखवायला वाचकाला कंटाळवायलाच हवं का?

उंबरठा
माझी तक्रार वेगळी. (पुढे शेवट फुटतोय.) ती बायको, हारी, म्हणजे केल्विनच्या डोक्यातली हारी. त्याला आठवेल तेवढीच ती. पश्चात्ताप त्याचा, आणि यातना भोगायच्या तिने. हे वाचकांना हळवं प्रेम वाटतं, याचंच नवल वाटतं.

पुस्तकातली वाळवी
अर्धं पटलं. पण आपण खरी हारी नाही हे तिला उमगतं, ती द्रवरूप ऑक्सिजन पिते, तरी मरत नाही. शेवटी केल्विनला न सांगता इतर दोघांकडून स्वतःला संपवून घेते. आठवणीतलं बाहुलं असं करेल? केल्विनने तर तिला जवळ ठेवायचीच स्वप्नं रंगवली होती.

उंबरठा
म्हणजे स्वतंत्र झाली हे दाखवायला मरणच हाताशी होतं. वा!

साखरझोप
मधेच विचारतो, कुठला अनुवाद? १९७०चा जुना इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून केलेला, त्यात हारीची ‘रिया’ झालीय. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांचा आला तो २०११मध्ये. मी दोन्ही वाचले. नव्यात ती ग्रंथालयाची पानं बरीच सरळ लागतात.

रात्रपाळी
अरे देवा, माझ्याकडे रियावालाच आहे. पुन्हा वाचणं आलं. मात्र यावेळी दिवसाउजेडी, आणि घरात कुणीतरी असताना. शेवटी केल्विन किनाऱ्यावर हात पुढे करतो, लाट हाताला वेढते पण शिवत नाही. ते पान तेवढं आत्ताच परत काढून बसलोय.