नौपाड्यातले टॉवर आणि ‘अडवणारे म्हातारे’

मासुंदाकाठ
‘पारसिकचा वारा’ यांनी काल टाकलेली पोस्ट वाचली. थोडक्यात म्हणणं असं: नौपाडा, पाचपाखाडीतल्या तीन मजली इमारती म्हणजे ठाण्याच्या माळ्यावरची अडगळ. अंगणातल्या पारिजातकापायी म्हातारे पुनर्विकास अडवून बसलेत, म्हणून तरुणांना घोडबंदरला हद्दपार व्हावं लागतं. टॉवर येऊ द्या, शहर सुटेल.

त्या म्हाताऱ्यांतला मी एक. वय ६७. पुनर्विकासाच्या ठरावावर पहिली सही माझी आहे. चार वर्षांपूर्वी स्लॅबचा पोपडा कुकरवर पडला आणि शिट्टी वाकली. ती वाकडी शिट्टी मी जपून ठेवली आहे, सोसायटीच्या दर विशेष सभेला, म्हणजे एसजीएमला, टेबलावर ठेवतो. त्यामुळे पारिजातक वगैरे मला सांगू नका. आमच्या अंगणात पारिजातक नाहीच, बदाम आहे, आणि त्याची पानं झाडून झाडून आम्ही कंटाळलोय.

अडलंय ते गल्लीत. आमची गल्ली सहा मीटर. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) नाही, टीडीआर (दुसऱ्या प्लॉटवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. उरलेल्या मूळ एफएसआयवर कुठला बिल्डर हात घालेल? त्यावर तोड अशी की प्रत्येक प्लॉटने पुढची दीड मीटर पट्टी सोडायची, म्हणजे रस्ता कागदावर नऊ मीटर. आमच्या गल्लीत दोन सोसायट्यांनी पट्टी सोडली. त्यांच्यासमोर रस्ता रुंद, पुढच्या पाच इमारतींसमोर पुन्हा बोळ. रुंद झालेल्या तुकड्यात आज सकाळी मोजलं: तीन रिक्षा, इस्त्रीवाल्याची टपरी, शहाळ्याची गाडी आणि सॅम्पल फ्लॅटचा फलक. कचऱ्याची गाडी अजून रिव्हर्समध्येच येते.

जिथे १८ बिऱ्हाडं होती तिथे आता ६४. ड्रेनेजची लाइन तीच, पाण्याची तीच. मजले किती का होईनात, माझी तक्रार नाही. पण सुटा सुटा प्लॉट उचलून टॉवर उभे केले तर इमारती नव्या होतील, पेठ जुनीच राहील, वर गुदमरेल. पाच-सहा सोसायट्या एकत्र आल्या, मध्ये खरा रस्ता सोडला, तर बोला. एवढं समजून घ्यायला घोडबंदरला जावं लागत नाही.

पारसिकचा वारा
काका, सही तुमची असेल. तुमच्या शेजारच्या विंगमधल्या चौघांची नाही, हेही तुम्हीच मागे इथे लिहिलं होतंत. २०१९ च्या जीआरनंतर ५१ टक्के पुरतात, तरी गाडी हलत नाही ती का?

आणि सोसायट्या एकत्र आणायच्या? ज्यांचं सामाईक भिंतीवरच्या पिंपळावरून दहा वर्षं बोलणं बंद आहे, त्या? तोवर काय करायचं? ४ ऑगस्ट २०१५, बी केबिन, कृष्णा निवास. रात्री झोपेत बारा माणसं गेली. नौपाड्यातच. लकी कंपाउंडला ७४. आदर्श रस्त्याची वाट बघत आणखी किती?

हिशेबनीस
थांबा. लकी कंपाउंड इथे आणू नका. एप्रिल २०१३, शीळ फाटा. ती इमारत जुनी नव्हतीच. बेकायदा, नवी कोरी, काम चालू असताना कोसळली. ते उदाहरण जुन्या इमारतींच्या विरुद्ध नाही, घाईघाईने मजले चढवणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. म्हणजे तुमच्याच विरुद्ध.

पारसिकचा वारा
बरं, लकी कंपाउंड मागे घेतो. बारा माणसं मागे घेता येत नाहीत.

किसननगर तीन नंबर
सगळ्या नौपाडेकरांना नमस्कार. तुमच्याकडे ओसी (वापर परवाना), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर), बदाम, शिट्टी, सगळं आहे. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात काढला की समोरच्या बाईच्या डब्याला लागतो. वहिनी फोडणी देतात आणि खोकतो आम्ही. अ‍ॅम्ब्युलन्स नाक्यावर थांबते. वडिलांना मी आणि भावाने खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं होतं.

जून २०२३ मध्ये क्लस्टरचं, म्हणजे अख्खी वस्ती एकत्र पाडून नव्याने बांधायच्या योजनेचं, भूमिपूजन झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आमच्याच वस्तीत वाढलेले, त्यामुळे गाजावाजा तर विचारू नका. साधारण ३०० चौरस फूट कार्पेट, मालकीचं. आमची खोली आज १७० आहे. मासुंदाकाठ साहेब, तुम्ही म्हणता ते एकत्र येऊन रस्ता सोडून बांधणं, तेच क्लस्टर आहे ना? मग त्याला नौपाड्यातून नाकं का मुरडतात? क्लस्टर म्हणजे आमच्यासारख्यांसाठी, असंच ना? मला चाळीसावा मजला द्या, मी आज पेटी भरतो.

मासुंदाकाठ
नाकं मुरडतात, खरं आहे. आमच्या मीटिंगमध्ये ‘क्लस्टर म्हणजे झोपडपट्टी स्कीम का हो’ असं एका बाईंनी विचारलं होतं आणि कोणी, मी धरून, त्यांना उत्तर दिलं नाही. हा टोला लागला.

एकविसावा मजला
पेटी भरण्याआधी, तीन नंबर, जरा ऐका. आमचं झालंय. पाचपाखाडी, ४१० चे ५६० फूट, बिल्डरकडून कॉर्पस (एकरकमी पैसे) मिळाला, लिफ्ट आहे, वाराही छान. जुना मेंटेनन्स ९०० होता, आता ६,८०० आहे. आईच्या पेन्शनीत तो बसत नाही, मी भरतो.

पण खरी मजा पार्किंगची. आम्हाला पझल पार्किंग दिलंय. ट्रेवर गाडी ठेवायची, मशीन ती वर-खाली सरकवतं. गेल्या दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार आणला, बघतो तर शेजाऱ्यांनी आपली गाडी काढायला बटण दाबलेलं आणि आमचा ट्रे तिसऱ्या लेव्हलला. तेवढ्यात लाइट गेली. जनरेटरवर लिफ्ट चालते, मशीन नाही. लाइट आली तर चेन अडकलेली. टेक्निशियन सुट्टीवर. शेवटी वॉचमनने बांबूला हार अडकवून खालून बॉनेटवर सोडला, आईने खालूनच ओवाळलं. नारळ मात्र जमिनीवर फोडला. बिल्डर म्हणतो एएमसी (वार्षिक देखभाल) सोसायटीची, सोसायटी म्हणते वॉरंटी तुमची.

ढोकाळी नाका
😂😂 आमच्याकडे पावसाळ्यात पिटमध्ये पाणी भरतं. खालच्या ट्रेवाले जूनपासून गाड्या बाहेरच लावतात.

हिशेबनीस
म्हणजे बाहेरच्या त्या सहा मीटरच्या गल्लीत. आणि एसयूव्ही उंचीमुळे बऱ्याच ट्रेवर बसत नाही, ती तर कायमचीच रस्त्यावर. नकाशावर ५० गाड्यांचं पार्किंग दाखवायचं आणि प्रत्यक्षात ते वापरायचं नाही, असा सगळा मामला आहे.

पायी चालणारा
गाड्या घेताच कशाला? नौपाड्यातून स्टेशन बारा मिनिटं. मी ५८ वर्षांचा आहे, अजून चालत जातो. लोकांना वाण्याकडे कोथिंबीर आणायलाही कार लागते. पार्किंगच देऊ नका, म्हणजे घेणार नाहीत.

एकविसावा मजला
आईचे दोन्ही गुडघे बदललेत. बारा मिनिटं तुम्ही चाला, तिला खांद्यावर घ्या.

पायी चालणारा
मी तुमच्या आईबद्दल बोललो नव्हतो. दर वेळी कुणाची तरी आई मध्ये आणायची आणि स्वतः एकट्याने एसी लावून ठाणे ते मुलुंड जायचं.

एकविसावा मजला
तुम्हाला काय माहीत मी कुठे जातो? न विचारता अक्कल शिकवायची सवयच आहे काही लोकांना.

ढोकाळी नाका
पायी चालणाऱ्या साहेबांनी एकदा कासारवडवलीला राहून बघावं. मेट्रो ४ चं काम सुरू झालं तेव्हा मुलगी पाचवीत होती. बारावी झाली तिची, आम्ही अजून बॅरिकेडच्या कडेने चाललोय. फुटपाथ असला तर चालेन ना मी!

वाशी सेक्टर नऊ
म्हणून म्हणतो, नवी मुंबईत या. आधी रस्ते, मग घरं. शिवाय मोरबे धरण आमच्या महापालिकेचं स्वतःचं. तुमच्या ठाण्याला अजून पाणी इकडून तिकडून मागावं लागतं.

हिशेबनीस
वाशीकर, तुमच्या सिडकोच्या जेएन टाइप इमारतींच्या स्लॅबची आठवण करून देऊ? आखीव शहरात, रुंद रस्त्यावर, सरकारी यंत्रणेने बांधलेली घरं, तरी छत अंगावर. रस्ता रुंद असून पुनर्विकासात किती वर्षं घालवलीत तेही सांगा, म्हणजे मासुंदाकाठ यांचा ‘अडलंय ते गल्लीत’ सिद्धांत तपासता येईल.

वाशी सेक्टर नऊ
ते वेगळं आहे. आमच्याकडे जमीन लीजची.

हिशेबनीस
प्रत्येकाचं वेगळंच असतं.

शहापूर लोकल
पाण्यावर एवढे ऐटीत बोलताय म्हणून. भातसा धरण आमच्या तालुक्यात. मुंबईचं, ठाण्याचं पाणी तिथून जातं, आणि आमच्या पाड्यांवर मार्चपासून टँकर. तुमच्या प्रत्येक नव्या टॉवरच्या टाकीत कोणाचं पाणी चढतंय, एवढं एसजीएमला शिट्टीशेजारी ठेवा.

किसननगर तीन नंबर
माझा प्रश्न पार्किंगमध्ये गेला. आमच्या ३०० फुटांच्या घराचा मेंटेनन्स कोण भरणार? ६,८०० वाचून बायको म्हणाली, थांब जरा, पेटी खाली ठेव. मी रिक्षा चालवतो, ती कुठल्या ट्रेवर चढवणार तेही सांगा.

एकविसावा मजला
क्लस्टरचं मला माहीत नाही. आमच्याकडे भाडेकरूने रिक्षा आत आणली तर वॉचमन हटकतो. चूक आहे, पण हटकतो.

पारसिकचा वारा
‘म्हातारे’ हा शब्द मागे घेतो. ‘अडवतात’ नाही. त्या चौघांचं काय झालं, काकांनी अजून सांगितलेलं नाही.

मासुंदाकाठ
चौघांपैकी एक वारले. मुलगा पुण्याला, त्याला फ्लॅट विकायचाय, तो लगेच सही करतोय. उरलेल्या तिघांना विचारलं तर म्हणतात, भाड्याच्या घरात तीन वर्षं काढायची, आम्ही तेवढे जगू का? यावर मला उत्तर सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर रविवारी सकाळी दहाला गच्चीवर या, कोरम तसाही होत नाही.

ढोकाळी नाका
ते दसऱ्याच्या गाडीचं काय झालं शेवटी?

एकविसावा मजला
तिसऱ्या दिवशी उतरली. वॉशिंगचे ४०० वाया, वर कबुतरं बसतात.