मदत हवी आहे: अमेरिकेतून आणलेल्या प्लेयरवर ‘वी आर फॅमिली’ सावकाश वाजते

नमस्कार. रेकॉर्ड प्लेयरची आणि थोडीफार विजेचीही जाण असलेल्यांचा सल्ला हवा आहे.

न्यू जर्सीतील घर आवरताना आत्याने तिचा रेकॉर्ड प्लेयर आणि काही रेकॉर्डी माझ्या हवाली केल्या. त्यांत सिस्टर स्लेज या फिलाडेल्फियाच्या चार बहिणींची १९७९ ची ‘वी आर फॅमिली’ ही एलपी आहे. पाकिटाच्या मागे ‘थिंकिंग ऑफ यू’ या गाण्यासमोर आत्याने बॉलपेनने केलेली खूण अजून दिसते. पुण्यात आल्यावर २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला, दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यावर सुई ठेवली आणि दचकलोच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांची असलेली कॅथी स्लेज एखाद्या पोक्त गृहस्थाच्या आवाजात गात होती.

दुरुस्तीवाल्याने पट्टा सैल झाल्याचे सांगून नवा बसवला, फरक शून्य. मग लेबलवर कागदाचा कपटा चिकटवून मी फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ हवेत, भरले २८ च्याही किंचित कमी. तेव्हा उलगडा झाला, की यातील सिंक्रोनस मोटरची गती व्होल्टेजवर नव्हे, तर विजेच्या वारंवारतेवर (सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर) ठरते. तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि ट्रान्सफॉर्मर त्यात काहीच बदल करत नाही. म्हणजे गती पाच षष्ठांश झाली, आठ मिनिटांहून थोडे मोठे असलेले शीर्षकगीत दहा मिनिटांवर गेले आणि सूर पेटीवर मोजला तर तीन पट्ट्या खाली उतरला. गती ४५ वर ठेवली तर ३७.५ फेरे होतात आणि चौघी बहिणी चिमण्यांसारख्या किलबिलू लागतात.

एखादी संथ गाण्यांची रेकॉर्ड असती तर कदाचित चालवूनही घेतले असते. पण हा आल्बम ‘शीक’ या डिस्को बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी लिहिलेला आणि घडवलेला आहे, त्याची सगळी जान एडवर्ड्सच्या बास गिटारमध्ये आणि रॉजर्सच्या गिटारच्या तुटक, चटपटीत आघातांमध्ये आहे. तेच रेंगाळले, तर डिस्को राहतो कुठे? (ही गाणी इंटरनेटवर मिळतात हे ठाऊक आहे, मला हीच तबकडी वाजवायची आहे.)

मला तीन मार्ग दिसतात. पहिला, मोटरची पुली (पट्टा फिरवणारी चकती) लेथवर १.२ पट व्यासाची करून घेणे. यात ३३ आणि ४५ असे दोन्ही टप्पे अचूक उतरतील का, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० वर तासन्‌तास चालल्यास जास्त तापेल का, हे कळावे. दुसरा, ६० हर्ट्झ देणारा छोटा इन्व्हर्टर; मात्र त्याची लहर शुद्ध साइन (गुळगुळीत चढउताराची) नसेल, तर मोटरची घरघर सुईवाटे स्पीकरमध्ये उतरेल, अशी भीती वाटते. तिसरा, सावकाशच वाजवून संगणकावर ध्वनिमुद्रण करणे आणि नंतर गती १.२ पट वाढवणे. पण रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तार स्वर जास्त ठेवलेले असतात व प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) ते उलटे करून पूर्ववत करतो. तबकडी सावकाश फिरली, की ही भरपाई चुकीच्या वारंवारतांवर होते. म्हणून प्रीअँपची ती भरपाई टाळून मुद्रण करावे, गती सुधारावी आणि मगच संगणकावर भरपाई लावावी, असा माझा तर्क आहे. हे कोणी प्रत्यक्ष केले आहे का, आणि कानाला फरक जाणवण्याइतका असतो का?

प्लेयर पट्ट्याचा आहे, गती बारीक जुळवण्याची कळ त्याला नाही, आणि खालच्या पत्र्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढेच कोरलेले आहे. पुलीचे छायाचित्र लागल्यास देतो.