हरिश्चंद्रगड: कोकणकड्यावर इंद्रवज्र कधी आणि कसं दिसतं?

आडवाट:
पाहिलेली सगळ्यात सुंदर जागा कुठली असं विचारलं की सह्याद्रीत फिरणारे बरेच जण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचंच नाव घेतात. आम्हाला तिथून इंद्रवज्र, म्हणजे रंगांचं ते पूर्ण गोल कडं, बघायचं आहे. पुण्याहून चौघे निघू, त्यातले दोघे पहिल्यांदाच गड चढणार. महिना कुठला धरावा, वाट कुठली घ्यावी, कड्यावर किती वाजता असावं?

रानवारा:
सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. पाठीमागे मोकळं ऊन आणि समोर दरीत धुकं, हे दोन्ही एकाच वेळी लागतं. जुलै-ऑगस्टात धुकं भरपूर, पण ऊन नाही. थंडी मुरली की ऊन असतं, पण दरी बहुधा कोरडी.

कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून वज्र सकाळचंच. संध्याकाळी सूर्य समोर येतो. सूर्यास्त अप्रतिम दिसेल, वज्र नाही. उजाडायच्या आत कड्यावर पोचायचं असेल तर आदल्या रात्री गडावर मुक्काम हवा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाची परवानगी आहे का ते निघण्याआधीच वनखात्याकडे विचारून घ्या.

सातमाळ:
नवखे आहेत तर पाचनई गावातून चढा. गडावरच्या देवळापर्यंत अडीच-तीन तास, वाट मळलेली. तिथून कोकणकडा आणखी अर्धा तास.

पुण्याहून खिरेश्वर जवळ पडतं (माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला वळायचं) म्हणून लोक तिकडे वळतात. पण तोलार खिंडीनंतर कातळटप्पा आहे आणि त्यापुढे एकासारख्या एक टेकड्या. धुकं उतरलं की तिथे हमखास वाट चुकते, कारण प्रत्येक टेकडीवरून पुढचं दृश्य तेच आणि ढोरवाटा अनेक. दिवसाउजेडी, वाटाड्या घेऊनच जा. नळीच्या वाटेचा विचारही नको. बेलपाड्यातून येणारी ती घळ घसरत्या दगडांची आहे, तिथे दोर आणि अनुभव दोन्ही लागतात.

आडवाट:
पाचनईच ठरवतो. वज्र नेमकं दिसतं कुठे? आकाशात बघायचं का?

रानवारा:
नाही, खाली. सूर्य बरोबर पाठीशी घ्या आणि धुक्यावर आपल्या डोक्याची सावली पडते तिथे बघा. तिच्याभोवती पूर्ण गोल कडं असतं, लाल रंग बाहेरच्या अंगाला. हे नेहमीच्या इंद्रधनुष्यापेक्षा फार लहान असतं, म्हणून मोठी कमान शोधणाऱ्यांच्या नजरेतून निसटतं. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश जवळजवळ आल्या दिशेनेच परत फेकतात, त्यामुळे ज्याला त्याला कडं आपल्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याच्या सावलीभोवती शोधू नका. विमानातून ढगावर पडलेल्या सावलीभोवती दिसतं तेच हे. सूर्य चढेल तशी सावली दरीत खाली सरकते, नजरही तशी खाली न्या.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने याच गडावरून इंद्रवज्र पाहिल्याची नोंद 1835 साली प्रसिद्ध झाली.

फोटो काढताना मोबाइलच्या पडद्यावर धुक्यावर बोट टेकवा आणि उजेड कमी करा. नाहीतर पांढरं भगभगीत होतं आणि रंग उडतात.

कातळ:
वर कोणी सांगितलं नाही ते सांगतो. कोकणकडा सरळ तुटलेला नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. म्हणजे काठावर उभं राहिलात की पायाखालचा दगड पुढे आलेला असतो आणि खाली पोकळी. वाकून बघू नका. काठापासून दूरच आडवं व्हा, पोटावर सरकत पुढे जा आणि मागच्याला पाय धरायला सांगा. दव पडल्यावर कातळावरचं शेवाळ निसरडं होतं, आणि वज्राची वेळ नेमकी दवाचीच. दरीतून वर येणारा वाराही जोरदार असतो; टोपी उडाली तर तिच्यामागे झेपावू नका.

परतताना केदारेश्वराच्या गुहेत जरूर जा. भल्यामोठ्या पिंडीभोवती कमरेएवढं थंडगार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर खालूनच घ्या. देवळाजवळची पुष्करणी आंघोळीसाठी किंवा भांडी घासण्यासाठी नाही.