तांब्याच्या डायमरमध्ये अझाइडचा ब्रिज आहे, पण कपलिंग (दोन तांब्यांच्या स्पिनची जोड) जवळपास शून्य. लिगंड (तांब्याला धरणारा रेणू) नेमका कुठे बदलू?

रानजाई:
नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एन,एन-डायमिथाइलएथिलीनडायअमीनचा शिफ बेस, तांबे(II) आणि सोडियम अझाइड यांतून दोन तांब्यांचा कॉम्प्लेक्स मिळाला. स्ट्रक्चर छान सुटलं. दोन अझाइड, दोन्ही एंड-ऑन, म्हणजे एकाच टोकाच्या नायट्रोजननं दोन्ही तांबी धरलेली. एक बंध १.९८ अँगस्ट्रॉम, दुसरा २.५१. कोन ९० च्या जवळ. सगळीकडे वाचलंय की एंड-ऑन अझाइड फेरोमॅग्नेटिक जोड देतो, म्हणजे दोन्ही स्पिन एकाच दिशेला. पण ३०० केल्विनला χT (चुंबकीय ग्रहणशीलता गुणिले तापमान) ०.८३ आणि २ केल्विनला ०.८०. दोन तांबी अगदी सुटी असल्यासारखी. अझाइड सोडून दुसरा ब्रिज घेऊ का?

पिपेट:
नमुन्यात एक-तांब्याची अशुद्धी नाही ना? पावडर डिफ्रॅक्शन घेतलंय का? आणि कपलिंगचा आकडा जे (J; धन म्हणजे फेरो, ऋण म्हणजे उलट दिशेची अँटिफेरो जोड) काढाल तेव्हा सूत्रात −J घेतलाय की −2J ते लिहा, नाहीतर दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

जुना_तांबट:
पिपेट यांचं बरोबर आहे, पावडर डिफ्रॅक्शन घ्याच. पण कारण तुमच्या पोस्टमध्येच आहे: १.९८ आणि २.५१.

तांबे(II) कडे एकच सुटा इलेक्ट्रॉन. तुमच्या चौरस पिरॅमिडमध्ये तो डी-एक्स²-वाय² ऑर्बिटलमध्ये, म्हणजे पायाच्या चार अणूंकडे तोंड करून बसलेला. शिखराच्या दिशेला जवळपास काहीच नाही. तुमचा शिफ बेस तीन दातांचा, त्यानं पायातल्या तीन जागा घेतल्या. चौथी एका अझाइडला मिळाली. दुसरा अझाइड नाइलाजानं शिखरावर, २.५१ वर. म्हणजे प्रत्येक अझाइड एका तांब्याच्या पायात आणि दुसऱ्याच्या शिखरावर. ज्या बाजूला स्पिनच नाही तिथून कपलिंग येणार कुठून? कोन ९० असो नाहीतर १००, इथे त्याला अर्थ नाही. एंड-ऑन म्हणजे फेरो हे दोन्ही बंध पायात असतील तेव्हाचं.

म्हणून ब्रिज बदलू नका, टोकाचा लिगंड बदला. हे मी मनापासून सांगतो, कारण आपल्याकडे मुलं नवनवे ब्रिज शोधत वर्षं घालवतात आणि टोकाच्या लिगंडला नुसती टोपी समजतात. १९८० च्या दशकातलं फ्रान्स-स्पेनच्या मंडळींचं ऑक्सॅलेटवरचं काम बघा. ज्युल्व्ह, व्हर्दाग्वेर, कान ही नावं. ब्रिज तोच, तांब्या-तांब्यातलं अंतर पाच अँगस्ट्रॉमच्या वर. टोकाला दोन दातांचा टेट्रामिथाइलएथिलीनडायअमीन असताना दोन्ही चुंबकीय ऑर्बिटल ऑक्सॅलेटच्या पातळीत येतात आणि जे −३८५ सेंमी⁻¹. फक्त एका टोकाला तीन दातांचा अमीन घातला की त्या तांब्याचं ऑर्बिटल त्या पातळीतून उभं फिरतं आणि जे −७५ च्या आसपास. ब्रिजच्या एका अणूलाही हात न लावता!

तुमच्यासाठी: प्रत्येक तांब्यावर दोन ४-टर्ट-ब्यूटिलपिरिडीन, मध्ये दोन एंड-ऑन अझाइड. हा कॉम्प्लेक्स माहितीतला आहे, जे सुमारे +१०५ सेंमी⁻¹, न्यूट्रॉननं त्याची स्पिन डेन्सिटीही मोजली गेली आहे. तो आधी करा. χT ३०० केल्विनला ०.९ च्या वर निघेल आणि थंड करत जाल तसा १.१ कडे चढेल. मग पिरिडीनवर हवे ते गट लावून स्वतःचं काम सुरू करा.

आईची_शपथ:
घाईत वाचून करायला जाऊ नका! तो कॉम्प्लेक्स परक्लोरेट आहे. अझाइड अधिक परक्लोरेट, म्हणजे स्फोटाची दोन कारणं एकाच बाटलीत. थोडेच मिलिग्रॅम करा, गरम करून सुकवू नका, धातूचा स्पॅच्युला नको. स्क्विडसाठी (चुंबकत्व मोजायचं यंत्र) नमुना खलात घोटायची सवय असते, इथे ती सोडा. सोडियम अझाइडजवळ आम्ल नाही, डायक्लोरोमिथेनही नाही. गाईडना विचारून परक्लोरेटऐवजी टेट्राफ्लुओरोबोरेट चालतं का बघा.

रानजाई:
आभार सर, आणि ताकीद दिल्याबद्दलही. शिफ बेस बराच करून ठेवलाय. तो वाया जाऊ नये म्हणून निकेल घेतला तर?

जुना_तांबट:
उत्तम. अष्टफलकी निकेल(II) मध्ये डी-एक्स²-वाय² आणि डी-झेड² दोन्हींत एकेक सुटा इलेक्ट्रॉन, त्यामुळे तिसऱ्या दिशेलाही स्पिन असतो आणि तांब्यासारखा लांबलेला बंध सहसा नसतो. एंड-ऑन अझाइडनं निकेल बहुतेक वेळा फेरो जोडतो. फक्त कमी तापमानाला χT खाली वळला तर लगेच अँटिफेरो म्हणू नका, निकेलचं झीरो-फील्ड स्प्लिटिंगही (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसतानाच स्पिनच्या पातळ्या विलग होणं) तेच करतं. फिट करताना त्याचा आकडा, डी, मोकळा ठेवा. आणि स्फटिक आले की स्क्विडची वेळ मागायच्या आधी सगळ्या बंधलांब्या इथे टाका.